'आपल्यात असं करत नाहीत' : एका मेक्सिकन नावातला 'आपण'

प्रश्न असा आला आहे : ब्रुनो सांतामारिया रासो या तरुण मेक्सिकन दिग्दर्शकाच्या 'कोसास के नो आसेमोस' (२०२०) या माहितीपटाचं नाव मराठीत कसं द्यावं? आणि त्याबद्दल लिहिताना 'क्वीअर'ऐवजी (म्हणजे बाई-पुरुष, ओढ-आकर्षण यांच्या ठरलेल्या चौकटीत न बसणारं) 'समलिंगी' लिहिलं तर चालेल का?

दुसरा भाग आधी उरकतो. नाही चालणार. नायारीत राज्यातल्या एल रोब्लितो या आडगावातला सोळा वर्षांचा मुलगा बाईचे कपडे घालून चारचौघांत वावरायची परवानगी आईवडिलांकडे मागतो, ही या माहितीपटाची गोष्ट. 'समलिंगी' हा शब्द ओढ कुणाकडे आहे तेवढंच सांगतो. इथे प्रश्न लुगड्याचा आहे. 'क्वीअर' राहू द्या. फक्त हे विशेषण चित्रपटाला आपण लावू शकतो, माणसाला लावायचं तर ते त्याने स्वतः लावून घेतलेलं असावं.

लॅटिन अमेरिकेत काही लेखक-कलावंत हाच शब्द स्पॅनिश वळणाने 'कुइर' असा लिहितात. इंग्रजीत ती आधी शिवी होती, मग ज्यांना दिली त्यांनीच ती अंगावर मिरवली. स्पॅनिश कानाला त्या शिवीचा चटका लागतच नाही. तिथली शिवी 'मारिकोन', मूळ 'मारिया' या नावात. आपली 'बायल्या', मूळ 'बायल'मध्ये. दोन्हीकडे पुरुषाला हिणवायला बाईच सापडावी, हे काही फार नवल नव्हे.

आता नाव. 'कोसास' म्हणजे गोष्टी, 'नो आसेमोस' म्हणजे करत नाही. कर्ता लिहिलेला नाही. तो क्रियापदाच्या शेवटच्या 'मोस'मध्ये दडला आहे. खरी गंमत इथे आहे. हा 'मोस' म्हणजे 'आपण' की 'आम्ही', हे स्पॅनिश सांगत नाही. इंग्रजीलाही सांगावं लागत नाही. मराठीत मात्र कर्ता लिहायचा म्हटलं की निवडावंच लागतं. 'आम्ही' म्हटलं तर ऐकणारा बाहेर राहिला. 'आपण' म्हटलं तर तोही त्याच घरातला, त्याच मनाईखालचा. मुलगा परवानगी मागतो ती घरच्यांकडे, म्हणून माझं मत 'आपण'च्या बाजूने.

'आम्ही न केलेल्या गोष्टी' असं भाषांतर कुणी सुचवलं, तर नको म्हणा. त्यात भूतकाळ आणि हळहळ शिरते, मुळात साधा वर्तमान आहे. इंग्रजी नावात तर 'धजत नाही' असा भाव घातलाय. मला तो खटकतो. स्पॅनिश नावात धाडसाचा उल्लेखच नाही, नुसती रीत आहे. पोरांच्या मधोमध फिरणारा हा कॅमेराही कुणाला शूरवीर करत नाही. गावातली पोरं खेळत असतात आणि त्यांच्यातच हा थोडा मोठा मुलगा असतो, इतकं सहज.

रीतीसाठी मराठीत तयार वाक्य आहेच. लहानपणी प्रत्येकाने ऐकलेलं, आवाज न चढवता म्हटलेलं : 'आपल्यात असं करत नाहीत.' यात क्रियापद तृतीयपुरुषी होतं आणि 'मोस' हातचा जातो, ही किंमत आहे. पण 'आपल्यात' हा शब्द ती बरीचशी भरून काढतो. शब्दाला शब्द हवाच असेल, तर 'आपण करत नाही त्या गोष्टी' लिहा. चूक नाही, पण कानाला कोरडं लागतं.