कनेक्शन पूल वाढवू नका, सेशन वेळेवर सोडा

प्रश्न : आमच्या क्लासेसची फी भरायची छोटी वेबसाइट आहे, पायथॉनचं फ्लास्क, मायएसक्यूएल डेटाबेस आणि त्याच्याशी बोलणारी एसक्यूएलअल्केमी 2 लायब्ररी यांवर. गनिकॉर्न या वेब सर्व्हरचे 4 वर्कर (वेगळ्या प्रोसेस) आहेत, प्रत्येकात एकाच वेळी कामं करणारे 20 थ्रेड. महिन्याच्या सुरुवातीला संध्याकाळी गर्दी झाली की साइट अडकते आणि लॉगमध्ये येतं 'क्यूपूल लिमिट ऑफ साइज 5 ओव्हरफ्लो 10 रीच्ड'. शिवाय सकाळी जो पहिला येतो त्याला 'मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे'. फी जमा करायच्या फंक्शनमध्ये मी सेशन उघडतो, विद्यार्थी शोधतो, पालकांना एसएमएस पाठवतो, मग पावती सेव्ह करून सेशन बंद करतो. मित्र म्हणतो पूल साइज 50 कर. करू का? आणि ही सगळी सेटिंग कोडमध्ये नक्की कुठे करायची?
– एक वाचक, सांगली

उत्तर : 50 अजिबात करू नका. पूल म्हणजे डेटाबेसची उघडून ठेवलेली, परत परत वापरायची कनेक्शन, आणि तो प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो, म्हणजे तुमच्या 4 वर्करचे 4 पूल. 50 आणि वरचे ओव्हरफ्लोचे, म्हणजे गर्दीत जादा उघडायचे, 10 धरले तर 4 गुणिले 60 म्हणजे 240 कनेक्शनपर्यंत परवानगी दिली, आणि मायएसक्यूएल बदल न करता 151 च घेतं. तुमच्या थ्रेडच्या हिशोबाने सुद्धा, एका थ्रेडला एक कनेक्शन धरलं तर, एका वर्करमधून एका वेळी 20 च्या वर मागणी येणारच नाही, मग 50 कशाला.

खरी अडचण तुमच्याच प्रश्नात आहे, त्या एसएमएसमध्ये. सेशन (एका कामापुरता डेटाबेसशी चालणारा व्यवहार) नुसतं तयार केल्याने कनेक्शन घेतलं जात नाही, पहिली क्वेरी गेली की घेतलं जातं, आणि मग कमिट (बदल पक्के करणं), रोलबॅक (बदल मागे घेणं) किंवा क्लोज होईपर्यंत ते तुमच्याच हातात अडकून राहतं. तुम्ही विद्यार्थी शोधला तिथे कनेक्शन घेतलं, नंतर एसएमएसवाल्याच्या सर्व्हरची वाट बघत बसलात, तो गर्दीत सात-आठ सेकंदही लावू शकतो आणि तेवढा वेळ डेटाबेसचं कनेक्शन काहीही काम न करता धरून ठेवलंय. एका वर्करचे 15 थ्रेड (पूलचे 5 अधिक ओव्हरफ्लोचे 10) असे थांबले की सोळावा 30 सेकंद रांगेत उभा राहतो आणि शेवटी तो एरर घेऊन परत जातो. पालक बिचारे परत बटण दाबतात, गर्दी अजून वाढते.

आता सेटिंग. एक डीबी नावाची फाइल करा आणि इंजिन (पूल सांभाळणारा भाग) आणि सेशनमेकर (सेशन बनवून देणारा भाग) तिथेच, फाइलच्या वरच्या पातळीवर, एकदाच बनवा, फंक्शनच्या आत कधीच नाही :

इंजिन = क्रिएट_इंजिन(यूआरएल, पूल_प्री_पिंग=ट्रू, पूल_रीसायकल=3600)
सेशन = सेशनमेकर(इंजिन, एक्सपायर_ऑन_कमिट=फॉल्स)

सकाळचा एरर पहिल्या ओळीतच जातो. मायएसक्यूएल गप्प पडलेलं कनेक्शन 28800 सेकंदांनी म्हणजे 8 तासांनी तोडतं, रात्रभर साइटवर कोणी नसतं, पूलला मात्र वाटतं कनेक्शन जिवंत आहे. प्री पिंग लावलं की कनेक्शन हातात देण्याआधी ते चालू आहे का बघितलं जातं, मेलं असेल तर नवीन घेतलं जातं. रीसायकल तासाभरापेक्षा जुनं कनेक्शन पुढच्या वेळी बदलून टाकतं. दोन्ही असू द्या.

मग फी जमा करताना 'विथ सेशन.बिगिन() अ‍ॅज एस' असा ब्लॉक लिहा आणि त्यात फक्त डेटाबेसचं काम ठेवा, विद्यार्थी शोधा, पावती घाला, बस. ब्लॉक नीट संपला की कमिट आपोआप होतं, मध्ये एरर आला तर रोलबॅक, आणि दोन्ही वेळी सेशन बंद होऊन कनेक्शन पूलमध्ये परत. एसएमएस ब्लॉकच्या बाहेर, खाली. पावतीच्या टेबलमध्ये 'एसएमएस गेला' असा एक कॉलम ठेवा, म्हणजे मेसेज अडकला तरी पैसे जमा झालेले राहतील आणि राहिलेले मेसेज नंतर पाठवता येतील. आत्ता तुमच्या क्रमात उलटं होऊ शकतं, पालकांना 'फी मिळाली' मेसेज जातो आणि पावती सेव्ह होताना फेल होते, हे मला त्या एररपेक्षा जास्त गंभीर वाटतं.

दुसऱ्या ओळीतलं एक्सपायर ऑन कमिट फॉल्स का, तर एरवी कमिटनंतर ऑब्जेक्टमधली माहिती शिळी धरली जाते आणि ब्लॉकबाहेर विद्यार्थी.फोन वाचायला गेलात की 'डिटॅच्ड इन्स्टन्स एरर' मिळतो. अर्थात विद्यार्थी.पालक सारखं नातं आत असताना लोड केलं नसेल तर ते बाहेर मिळणार नाहीच, त्यासाठी क्वेरीतच सिलेक्टइनलोड लावा, म्हणजे नात्यातली माहितीही आधीच लोड होते.

आतल्या छोट्या फंक्शनना सेशन पॅरामीटर म्हणून द्या, त्यांनी स्वतःचं उघडू नये, नाहीतर एका रिक्वेस्टला दोन-दोन कनेक्शन लागतात. आणि सगळ्यांसाठी एकच ग्लोबल सेशन हा शॉर्टकट तर नकोच, सेशन थ्रेडमध्ये वाटून वापरायची वस्तू नाही, एकाचं अर्धवट काम दुसऱ्याच्या कमिटमध्ये जाईल.

बदल केल्यावर गर्दीच्या वेळी इंजिन.पूल.स्टेटस() लॉगमध्ये छापून बघा. त्यात 'चेक्ड आउट' आकडा रिक्वेस्ट संपल्या की 0 वर यायला हवा, येत नसेल तर कुठेतरी सेशन उघडं राहतंय. ओव्हरफ्लो सुरुवातीला उणे 5 दिसेल, घाबरू नका, तो तिथूनच मोजायला सुरुवात करतो.