टेकडीवरची शर्यत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रस्त्यावरची 21 किलोमीटरची शर्यत मी 2 तास 5 मिनिटांत पूर्ण करतो. पावसाळ्यात सिंहगड भागातल्या 12 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत नाव दिलंय, एकूण चढाई 600 मीटर. सव्वा तासात होईल ना? (कोथरूड)

उत्तर : नाही होणार. नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये डोंगर चालणाऱ्यांसाठी एक आडाखा दिला होता : दर 3 मैलांना एक तास, आणि दर 2000 फूट चढाईला वर आणखी एक तास. म्हणजे चढलेला एक मीटर सपाटीवरच्या जवळपास 8 मीटरांना भारी. पळणाऱ्यांनाही हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. तुमच्या 600 मीटरचे 4.8 किलोमीटर होतात, म्हणून ही शर्यत 12 ची नसून 17 ची समजा. तुमच्या वेगाने 1 तास 40 मिनिटं लागतील, तेही वाट कोरडी असेल तर. चिखल आणि अरुंद पायवाट धरून दोन तास मनात ठेवा. ब्रिटनमध्ये अशा शर्यतींना फेल रेस म्हणतात. तिथे किलोमीटरमागे सरासरी 50 मीटर चढ आला की शर्यत सगळ्यात खड्या, ‘ए’ गटाच्या निकषाला पोचते. तुमची बरोबर त्या रेषेवर आहे.

सरावाला वेताळ टेकडी घरचीच आहे. पायथा ते माथा 200 मीटरच्या आसपास चढ मिळतो. तीन फेऱ्या केल्या की शर्यतीइतकी चढाई झाली. दहा दिवसांतून एकदा पुरे. खडा चढ आला की हात गुडघ्यांवर टेकून चाला, त्यात कमीपणा नाही. तिथे रेटून पळणारा माथ्यावर पोचतो तेव्हा त्याच्यात काही उरलेलं नसतं.

प्रश्न : चढावर मी पुढे असते. उतार लागला की मागचे भराभर निघून जातात, आणि नंतर दोन दिवस जिना उतरवत नाही. पर्वतीच्या पायऱ्यांवर सराव चालू आहे. (सहकारनगर)

उत्तर : पर्वतीच्या 103 पायऱ्या दमासाठी उत्तम. पण पायरी दर वेळी जागच्या जागी असते, मुरूम नसतो. कातळावर सुटा मुरूम म्हणजे ज्वारी सांडलेली फरशी. भीतीने आपण मागे रेलतो, सगळं वजन टाचेवर जातं आणि नेमकी टाचच सटकते. कंबर पावलांच्या वर राहील इतकं पुढे झुका, तेही घोट्यातून, कमरेत वाकून नव्हे. पावलं आखूड आणि जलद ठेवा. लांब टांग टाकली की प्रत्येक पाऊल ब्रेक होतं. हात बाजूला मोकळे, नजर चार-पाच पावलं पुढे. पायाखाली बघत उतरणाऱ्याला पुढचा दगड उशिरा दिसतो. वाटेच्या मधोमध मुरूम साचलेला असतो, कडेला गवताच्या मुळांनी माती धरलेली असते. पाऊल तिथे टाका. शेवाळलेल्या ओल्या कातळावर मात्र सगळा तळवा टेका, तिथे रेटा देऊ नका आणि वळूही नका. वळायचं ते मातीवर आल्यावर.

सरावासाठी मध्यम उताराचा 80 ते 100 मीटरचा तुकडा निवडा. सहा वेळा खाली पळा, वर येताना चाला. आठवड्यातून एकदाच, आणि पहिले दोन आठवडे जोर राखून.

मांड्या दुखतात त्याचं कारण उतरण्यातच आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला जातं. एकदा अशी इजा भरून आली की पुढचे काही आठवडे तोच उतार कमी दुखवतो. म्हणून शर्यतीआधी दोन-तीन आठवडे एकदा जोरकस उतरून घ्या. शेवटच्या दहा दिवसांत हा प्रयोग नको.

प्रश्न : रस्त्यावरचे बूट चालतील का? (वारजे)

उत्तर : कोरड्या वाटेवर निभेल. चिखलात तळाचे दात 5-6 मिलिमीटरचे हवेत. ओल्या दगडावर दातांचा उपयोग नाही, तिथे रबर मऊ असावं लागतं. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा आणि शेवटच्या भोकापर्यंत आवळलेली लेस, एवढं सांभाळलं तर उतारावर नखं काळी पडत नाहीत. पावसाळा सरल्यावर कुसळं त्रास देतात. घोट्याच्या वर येणारे, घट्ट विणीचे मोजे घ्या.

प्रश्न : सोसायटीतल्या 60 जणांसाठी टेकडीवर 8 किलोमीटरची शर्यत ठेवतोय. वाट फक्कीने आखावी का? (बावधन)

उत्तर : आधी टेकडीची ती जागा कोणाच्या ताब्यात आहे ते पाहा. वनविभागाच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय काही करू नका. फक्की एका सरीत वाहून जाते. डोळ्यांच्या उंचीवर रंगीत फिती बांधा, सगळ्या डाव्या हाताला. वळणाआधी दोन, वळणावर एक, आणि वळल्यावर 20 मीटरच्या आत आणखी एक. ही शेवटची नसली की माणूस आपण चुकलो समजून परत फिरतो. चुकीच्या वाटेवर काठ्यांची फुली ठेवा. फिती आदल्या संध्याकाळी बांधल्या तरी पहाटे एक चक्कर हवीच, रात्रीतून काही गायब होतात. आग्या मोहोळ दिसलं तर वाट लांबून वळवा. स्पीकर आणि धूर तर नकोच.

प्रत्येकाला शिट्टी द्या. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. हा डोंगरातला मदतीचा इशारा आहे. सगळ्यांच्या मागे एक माणूस चालत ठेवा, तोच फिती सोडवत येईल. सुटताना डोकी मोजा, आल्यावर पुन्हा मोजा. अर्ध्यातून परस्पर घरी जाणारा एक तरी निघतोच, तेव्हा फोन नंबर आधीच लिहून घ्या आणि आकडा जुळेपर्यंत पोह्यांच्या टेबलापाशी कोणाला बसू देऊ नका.