एली वीझेल यांच्या ‘नाइट’ या नाझी छावणीतल्या आठवणींच्या पुस्तकावर मुलीला क्रिएटिव्ह प्रोजेक्ट करायचाय. छावणीचं मॉडेल करावं की कैद्याची डायरी लिहावी?

माझं मत विचाराल तर दोन्ही नको.

तुमची मुलगी न्यू जर्सीत दहावीला आहे आणि हातात दोन आठवडे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मीही याच राज्यात इंग्रजी शिकवते. होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, शिकवणं इथे 1994पासून कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे असे प्रोजेक्ट दरवर्षी माझ्या टेबलावर येतात.

थर्माकोलची छावणी मुलं हौसेने करतात. कुंपण, बराकी, चिमणी. पण सगळा जीव मोजमापात आणि रंगात जातो आणि पुस्तकातली माणसं बाजूलाच राहतात. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट म्युझियमसुद्धा शिक्षकांना अशी मॉडेलं टाळायला सांगतं. डायरीचं त्याहून अवघड. वीझेल यांना मे 1944मध्ये सिगेट या त्यांच्या गावाहून ऑशविट्झच्या छावणीत नेलं तेव्हा ते 15 वर्षांचे होते. गाडीतून उतरल्यावर आई आणि धाकटी बहीण वेगळ्या रांगेत गेल्या, त्या कायमच्याच. त्या जागेवर उभं राहून आपल्या मुलांनी ‘मी’ म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. वाचक म्हणून मात्र त्यांना पुष्कळ काही करता येतं.

माझ्या एका विद्यार्थ्याने आधी डायरीच आणली होती. भूक, थंडी, रडणं, सगळं भरपूर. मी ती परत केली आणि विचारलं, वाचताना तू कुठे अडखळलास? म्हणाला, चमच्यापाशी.

ऑशविट्झचाच भाग असलेल्या बुनाच्या छावणीत एलीच्या वडिलांना पुन्हा एकदा निवडीसाठी थांबवून घेतात. निवड म्हणजे गॅस चेंबरला कोण जाणार ते ठरवणं. एलीची तुकडी कामावर निघालेली असते. वडील घाईघाईने आपली सुरी आणि चमचा त्याच्या हातात कोंबतात. मुलाला वारसा म्हणून द्यायला त्यांच्याकडे तेवढंच असतं. संध्याकाळी वडील जिवंत भेटतात आणि एली दोन्ही वस्तू त्यांना परत देतो.

मी म्हटलं, मग त्या चमच्याचाच माग काढ. शोधता शोधता त्याला इटालियन लेखक प्रीमो लेवी सापडले. तेही त्याच छावणीत होते. नव्या कैद्याला चमचा देतच नसत, असं लेवी लिहितात. पावाच्या बदल्यात तो मिळवायचा, नाहीतर सूप कुत्र्यासारखं चाटायचं. आणि सुटकेनंतर ऑशविट्झच्या गोदामात हजारो कोरे चमचे निघाले, शिवाय लोकांच्या सामानातून काढून घेतलेले वेगळेच. टंचाई नव्हतीच. द्यायचे नव्हते. हे वाचून दाखवताना त्या मुलाचा आवाज बसला होता.

मग त्याने घरातला एक स्टीलचा चमचा घेतला आणि नऊ दिवस रोज कोळशाच्या पेन्सिलने त्याचं चित्र काढलं. प्रत्येक चित्राखाली दोन ओळी, स्वतःच्या शब्दांत. पहिल्या चित्रातला चमचा दुकानातल्यासारखा चकचकीत. पाचव्यात दांड्यावरचे ओरखडे दिसायला लागले, कारण तोवर तो खरंच बघायला लागला होता. सातव्याखाली लिहिलं होतं, “वडिलांनी हा किती पावाला घेतला असेल?”

तुमच्या मुलीला तिची वस्तू तिलाच शोधू दे. चिखलाने माखले म्हणून पहाऱ्यावरच्या लोकांच्या नजरेतून सुटलेले नवे बूट आहेत. छावणीतल्या यूलिएक या मुलाचं व्हायोलिन आहे. सिगेटच्या उघड्या पडलेल्या घरांत मागे राहिलेल्या सुऱ्या, बशा, फिकट झालेले फोटो आहेत. चित्र काढू दे, शिवू दे, कविता लिहू दे. सोबत अर्ध्या पानात ‘हेच का निवडलं’ ते मात्र लिहायला लावा. मी स्वतः मार्क देताना ते पान सगळ्यात आधी वाचते. लाल रंगाचे शिंतोडे आणि काटेरी तार शक्यतो नकोच.

आणि पुस्तक छोटं आहे, तुम्हीही वाचा. बुखेनवाल्डच्या छावणीत एलीचे वडील मरण पावतात तो भाग तिला एकटीला वाचायला लावू नका. तेवढी पानं तिच्या शेजारी बसून वाचा.