सीओपीडी असलेल्या वडिलांकडून व्हिडिओ गेमच्या निमित्ताने श्वासाचे व्यायाम करून घेता येतील का?

वडिलांना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे, डॉक्टरांनी श्वासाचे व्यायाम सांगितलेत, ते करायचा त्यांना कंटाळा येतो, पण नातवाच्या मोबाइलमध्ये मात्र तासभर डोकं घालून बसतात. मग फुंकर मारून खेळायचा एखादा गेमच दिला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी छातीच्या पेशंटसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. गेमचा उपयोग होतो, पण फुंकर मारायचे जे गेम मोबाइलवर फुकटात मिळतात, त्यातले बरेचसे तुमच्या वडिलांना उलटे पडतील.

सीओपीडीत श्वास आत जात नाही असं पेशंटला वाटतं. खरी अडचण असते ती हवा बाहेर पडण्याची. एसटीतले लोक उतरायच्या आत खालचे चढायला लागले की दारात जी कोंडी होते, तीच छातीत होते. जुनी हवा आत अडकते, फुप्फुसं फुगलेलीच राहतात, फुप्फुसांखालचा श्वासाचा पडदा चपटा होतो आणि पुढच्या श्वासाला जागा उरत नाही. म्हणून तर ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवतात. दोन आकडे मोजत नाकाने घ्यायचा, चार मोजत तोंडाने सोडायचा. समोर मेणबत्ती धरली तर ज्योत नुसती हलली पाहिजे, विझता कामा नये.

आता मोबाइलकडे श्वास मोजायला असतो फक्त माइक, आणि माइकला कळतो तो आवाज. जितकी जोरात फुंकर, तितका गेममधला पक्षी उंच, तितके गुण जास्त. चंबूतून सुटलेला नीट, हळू श्वास त्याला ऐकूच येत नाही. (पंखा जवळ असेल तर गुण पंख्यालाच मिळतात, हे मी पाहिलंय.) जोर लावून फुंकलं की छातीतल्या दाबाने बारीक श्वासनळ्या चेपल्या जातात आणि हवा आणखी अडकते. थोडक्यात, गेम जिंकायचा आणि धाप लावून घ्यायची. ‘रोज फुगे फुगवा’ म्हणणारे शेजारीही याच कारणासाठी टाळा.

श्वासावर चालणारे गेम नीट विचार करून बनवलेलेही आहेत. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटल आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा ‘फिझ्यो’ प्रकल्प घ्या. सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसात घट्ट कफ साठण्याचा जन्मजात आजार) असलेल्या मुलांना कफ सुटावा म्हणून रोज एका उपकरणात फुंकावं लागतं. त्या उपकरणाला सेन्सर जोडून त्या फुंकण्यावरच गेम चालवला. पण तिथे आजार वेगळा, हेतू कफ काढण्याचा, आणि किती दाबाने व किती वेळ फुंकायचं हे फिजिओने ठरवून दिलेलं असतं. तो नमुना जसाच्या तसा तुमच्या घरी आणता येणार नाही. कोविडनंतर घरोघरी पडून असलेलं तीन बॉलचं यंत्रही श्वास आत ओढायचं आहे, त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका.

माझं मत विचाराल तर वडिलांना श्वासापेक्षा हातापायांचा गेम द्या. श्वासाच्या व्यायामाने दम लागण्यावर ताबा येतो, पण स्पायरोमेट्रीचा (फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायच्या तपासणीचा) आकडा फारसा हलत नाही. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून पाय बारीक होतात, आणि मग संडासपर्यंत जातानाही धाप लागते. हे चक्र चालण्याने आणि पायांच्या व्यायामाने तुटतं. अशा व्यायामावर आधारलेल्या उपचाराला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात. त्याबद्दलचा २०१५ चा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) ६५ चाचण्यांचा आहे. दम, थकवा आणि रोजचं जगणं, तिन्हींत फरक पडतो हे त्यात स्पष्ट दिसतं. निन्टेन्डो वी आणि एक्सबॉक्सचा कायनेक्ट ही शरीराच्या हालचालीवर गेम खेळायची यंत्रं अशा व्यायामासाठी बऱ्याच ठिकाणी वापरून झालीत. कायनेक्टचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं, पण हात हलवून, जागच्या जागी चालून खेळायचे गेम टीव्हीवर अजूनही मिळतात.

माझ्याकडचे एक काका नातीबरोबर टीव्हीसमोर बोलिंग खेळायचे. उत्साह दांडगा, पण हात मागे नेला की श्वास रोखून धरायचे आणि बॉल सुटल्यावर धापा टाकायचे. त्यांना एवढंच सांगितलं: हात मागे जाताना नाकाने घ्या, बॉल सोडताना चंबूतून सोडा. नात दर वेळी ‘आजोबा, फूऽऽ’ असं ओरडायची. बादली उचलताना आणि जिना चढताना तोच ‘फूऽऽ’ त्यांच्या कामी आला.

तुमच्या वडिलांच्या नातवालाही असंच कामाला लावा. त्याचा डाव संपला, जाहिरात सुरू झाली, की आजोबांनी पाच चंबू-श्वास घ्यायचे आणि मोजायचे नातवाने. वडिलांना वाद्याची हौस असेल तर माऊथ ऑर्गन बघा. त्यात श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा सूर निघतो. अमेरिकेतल्या सीओपीडी फाउंडेशनचा ‘हार्मोनिकाज फॉर हेल्थ’ हा त्यावरचाच उपक्रम आहे.

सुरू करण्याआधी छातीच्या डॉक्टरांना एकदा विचाराच. फुप्फुसात हवेचे फुगे (बुली) असतील, पूर्वी फुप्फुसाला छिद्र पडलं असेल, थुंकीतून रक्त गेलं असेल किंवा नुकतंच हृदयाचं, डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर विचारल्याशिवाय काहीच नको. डॉक्टरांनी खेळायच्या आधी पंप घ्यायला सांगितला असेल तर तो घ्यायचा. जेवल्या जेवल्या खेळायचं नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावून ठेवा, ऑक्सिजनचा आकडा ८८ च्या खाली जायला लागला की बसवा. शून्य ते दहाच्या मापात दम तीन-चारपर्यंत लागला तर चालतो, पण एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं. आणि कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला किंवा ताप आला, तर त्या दिवशी गेम बंद ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.