वाचकांचे प्रश्न : चाकाची खुर्ची घरात आली, पण घर तिच्यासाठी तयार नाही

प्रश्न : माझे पती मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. कर्तव्यावर असताना वाहनाच्या अपघातात त्यांच्या मणक्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. वैद्यकीय मंडळाने 100 टक्के अपंगत्व ठरवून त्यांना सेवामुक्त केले. आता ते गावी परतले आहेत. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत, न्हाणीघराचे दार अरुंद आहे आणि शौचालय भारतीय पद्धतीचे आहे. दोन माणसांनी उचलल्याशिवाय ते अंगणातसुद्धा येऊ शकत नाहीत. एका कार्यालयात चौकशी केली तेव्हा ‘घर सोयीचे करून देण्याची योजना नाही’ एवढेच उत्तर मिळाले. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. सरकारकडून आम्हाला खरोखरच काही मिळू शकत नाही का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, कार्यालयात जे सांगितले ते खरे आहे, पण ते अर्धेच उत्तर आहे. अपंग माजी सैनिकाचे घर त्याच्या हालचालीला सोयीचे करून देण्यासाठी स्वतंत्र, त्याच नावाची आणि पुरेशा रकमेची योजना आपल्याकडे नाही. त्यामुळे हा पैसा एका ठिकाणी मिळत नाही, तो दोन-तीन दारांतून गोळा करावा लागतो. प्रत्येक दारी मागण्याचे नाव आणि कागद वेगळे असतात, आणि ही नावे माहीत नसल्यामुळेच बहुतेक कुटुंबे पहिल्या नकारानंतर मागे फिरतात.

पहिले दार जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे आहे. तेथे ‘रॅम्पसाठी मदत’ असे न म्हणता ‘घरदुरुस्ती अनुदान’ असे म्हणावे. केंद्रीय सैनिक मंडळ हे अनुदान ध्वजदिन निधीतून उभ्या राहिलेल्या रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून देते. हवालदार आणि त्याखालील पदांवरून निवृत्त झालेले, 100 टक्के अपंगत्व असलेले माजी सैनिक त्याला पात्र ठरतात, म्हणजे आपले पती यात बसतात. रक्कम 20,000 रुपये आहे आणि ती एकदाच मिळते. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरला जातो, पण त्याची छाननी आणि शिफारस जिल्हा कार्यालय करते. म्हणून डिस्चार्ज बुक, पेन्शन पेमेंट ऑर्डर, माजी सैनिकाचे ओळखपत्र, आधार आणि बँकेचे पासबुक घेऊन प्रत्यक्ष जावे, अर्ज तेथेच तपासून घ्यावा आणि अर्जाचा क्रमांक जपून ठेवावा.

वीस हजारांत आज काय होते, हे गवंड्याशी बोललेल्या कोणालाही ठाऊक आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने याच निधीतील निर्धनता अनुदान महिना 4,000 वरून 8,000 रुपये आणि विवाह अनुदान 50,000 वरून एक लाख रुपये केले, शिक्षण अनुदानही दुप्पट केले. घरदुरुस्तीचा त्या निर्णयात समावेश नव्हता. तो व्हायला हवा होता, असे मला मनापासून वाटते. अमेरिकेत 1948 पासून या कामासाठी स्वतंत्र कायदा आहे. गंभीर अपंगत्व आलेल्या सैनिकाला 2025 च्या आर्थिक वर्षात त्याखाली 1,21,812 डॉलरपर्यंत अनुदान मिळू शकत होते आणि ते आयुष्यात सहा वेळांपर्यंत विभागून घेता येते. सैनिक तात्पुरता नातेवाइकाच्या घरी राहत असेल, तर त्या घरातील बदलांसाठीही तेथे निराळी तरतूद आहे. आपल्याकडे वडिलांच्या घरी राहणारा सैनिक हा अपवाद नसून रीतच असताना, आपल्या नियमांनी त्याचा विचार करू नये, याचे वाईट वाटते.

दुसरी गोष्ट निवृत्तिवेतनाची, आणि माझ्या मते आपल्या बाबतीत तीच सर्वांत महत्त्वाची आहे. 100 टक्के अपंगत्व असलेल्या आणि दुसऱ्याच्या सतत मदतीची गरज असलेल्या सैनिकाला अपंगत्व निवृत्तिवेतनाखेरीज ‘कॉन्स्टंट अटेंडंट अलाउन्स’, म्हणजे परिचारक भत्ता, मिळतो. जुलै 2017 पासून तो महिना 6,750 रुपये ठरला आणि महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की हा भत्ता 25 टक्क्यांनी वाढतो, असा नियम आहे. यासाठी वैद्यकीय मंडळाने आपल्या अहवालात परिचारकाची शिफारस केलेली असावी लागते. पेन्शन पेमेंट ऑर्डर काढून पाहावी. त्यात या भत्त्याची नोंद नसेल, तर आधी वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मिळवावी. शिफारस असूनही भत्ता सुरू नसेल, तर संरक्षण दलांच्या निवृत्तिवेतनाच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर तक्रार नोंदवावी आणि तिची प्रत रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पाठवावी. हा पैसा घरासाठी म्हणून दिलेला नसतो हे खरे, पण तो दरमहा येतो, आणि न्हाणीघराचे काम उधारीवर करून घेतले तरी ती उधारी वर्षभरात फेडता येईल एवढा आधार त्यातून नक्की मिळतो.

तिसरे दार आपल्या गावातच आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च केली पाहिजे, असा महाराष्ट्र शासनाचा नियम आहे. जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांनाही तो लागू आहे. त्यासाठी सैन्याच्या वैद्यकीय मंडळाचा कागद मात्र पुरत नाही. जिल्हा शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढावे लागते. ते हाती आल्यावर ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्यावा, त्यात रॅम्प आणि कमोड असा नेमका उल्लेख करावा आणि पोच घ्यावी. लहान गावाचे स्वउत्पन्न थोडे असते, म्हणून यातून फार मोठ्या रकमेची अपेक्षा धरू नये, पण ग्रामसभेत विषय मांडला तर नाही म्हणणे कठीण जाते. त्याच फेरीत घरपट्टीचेही विचारून घ्यावे. 2020 पासून माजी सैनिकांना बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली घरपट्टीतून सूट आहे.

घर सासऱ्यांच्या नावावर असण्याची अडचण खरी असली, तरी ती सुटणारी आहे. सर्वांत साधा उपाय म्हणजे सासऱ्यांचे लेखी संमतीपत्र आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठचा, म्हणजे घराच्या कर आकारणीचा, उतारा अर्जासोबत जोडणे. कार्यालयाने घर अर्जदाराच्याच नावावर हवे असा आग्रह धरला, तर वडिलांनी मुलाला बक्षीसपत्र करून देता येते. राहत्या घराच्या अशा बक्षीसपत्रावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये आहे, नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार तेवढे वेगळे द्यावे लागतात. मात्र घरात आणखी भावंडे असतील, तर त्यांच्याशी मोकळेपणाने बोलल्याशिवाय हे पाऊल उचलू नये. वीस हजारांच्या अनुदानासाठी भाऊबंदकी ओढवून घेणे कोणालाच परवडत नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पैसा मिळाल्यावर तो चुकीच्या जागी खर्च झालेला मी पाहिला आहे. लोक बहुधा आधी रॅम्प बांधतात. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार एकास बारा असावा लागतो, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. आपल्या तीन पायऱ्या प्रत्येकी सहा इंचांच्या धरल्या, तर दीड फूट उंचीसाठी अठरा फूट लांबीचा रॅम्प लागेल. अंगण तेवढे नसेल म्हणून गवंडी तो आठ-नऊ फुटांत बसवतो, आणि मग त्यावरून खुर्ची ढकलणे हे माणसाला उचलण्याहून धोक्याचे होते. जागा कमी असेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून रॅम्प वळवावा, दोन्ही कडांना कठडा द्यावा आणि पृष्ठभाग खरखरीत ठेवावा.

माझे मत विचाराल तर आधी न्हाणीघर करावे. अंगणात जाण्यासाठी माणूस मदतीची वाट पाहू शकतो, पण शौचाला जाण्यासाठी दिवसातून चार वेळा दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून राहणे त्याच्या मनाला आतून खात राहते. दार तीन फूट रुंद करावे आणि ते बाहेर उघडणारे असावे, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. खुर्ची वळवायला आत पाच फुटांची मोकळी जागा लागते. तेवढी नसेल, तर न्हाणी आणि शौचालय यांमधली भिंत काढता येते का, ते पाहावे. कमोडची उंची खुर्चीच्या बैठकीशी जुळावी, म्हणजे बाजूला सरकून बसता येते. आधाराचे दांडे पातळ भिंतीत साध्या स्क्रूने बसवू नयेत, ते अंगाचे पूर्ण वजन पेलतील असे पक्के करून घ्यावेत. गुळगुळीत शहाबादी फरशी ओली झाली की निसरडी होते, तेथे खडबडीत फरशी घालावी.

आणखी एक काळजी मणक्याच्या इजेमुळे येते. कमरेखाली संवेदना नसल्यामुळे कढत पाण्याचा चटका किंवा कठीण पाटावर बसल्याने होणारी जखम त्यांना कळणार नाही. आंघोळीची बैठक मऊ असावी आणि पाणी दुसऱ्याने हाताने पाहिल्याशिवाय अंगावर घेऊ नये. पुण्याजवळ खडकी येथे 1974 पासून मणक्याच्या इजेने अपंग झालेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. खुर्चीवरून कमोडवर कसे सरकावे, दांडा नेमका कोणत्या उंचीवर हवा, या गोष्टी तेथील लोकांनी वर्षानुवर्षे हाताळल्या आहेत. काम सुरू करण्यापूर्वी त्यांचा सल्ला मिळाला, तर तो अवश्य घ्यावा. खुर्ची जुनी झाली असेल तर नव्यासाठी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधील डॉक्टरांकडे मागणी करावी.

प्रश्न : मी नायक पदावरून पूर्ण सेवा करून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर पक्षाघात झाला आणि एक बाजू दुबळी झाली. प्रमाणपत्रावर 60 टक्के दिव्यांगत्व आहे. वर दिलेले लाभ मलाही मिळतील का?
— एक माजी सैनिक, सांगली

उत्तर : परिचारक भत्ता आणि अपंगत्व निवृत्तिवेतन सेवेमुळे आलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या अपंगत्वासाठी असतात, त्यामुळे ते आपल्याला लागू होणार नाहीत. घरदुरुस्ती अनुदानाची 100 टक्क्यांची अटही आड येते. मात्र निवृत्तीनंतर 50 टक्के किंवा अधिक अपंगत्व आलेल्या, कोणत्याही पदाच्या माजी सैनिकाला केंद्रीय सैनिक मंडळ जादा चाके बसवलेल्या स्कूटरसाठी एक लाख रुपयांपर्यंत मदत देते. तिचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच करावा, आणि मंजुरीची पद्धत विचारून घेतल्याशिवाय गाडी खरेदी करू नये. स्थानिक संस्थेचा 5 टक्के दिव्यांग निधी आणि घरपट्टीतील सूट यांसाठी आपण आजच अर्ज करू शकता. न्हाणीघरातील आधाराचा दांडा मात्र आपल्या सशक्त हाताच्या बाजूला बसवून घ्यावा. पुष्कळ घरांत तो भिंतीच्या सोयीने दुबळ्या बाजूला बसवलेला असतो.