मुलाने कच्ची कणीक खाल्ली तर काही होतं का?

एखादा गोळा पोटात गेला म्हणून लगेच दवाखाना गाठायची गरज नाही, पण कच्चं पीठ सुरक्षित नसतं, सवय लागू देऊ नका. शेतातल्या गव्हावर गुरा-पाखरांच्या विष्ठेतले ई. कोलाय, साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. दळल्याने ते मरत नाहीत. कोरड्या पिठात वाढत नाहीत, पण महिनोन्महिने तग धरतात, आणि भिजवलेली कणीक ओट्यावर तशीच राहिली की वाढू लागतात. अमेरिकेत २०१६ साली पिठातल्या ई. कोलायने ६३ जण आजारी पडले होते. मैद्याचंही तेच, म्हणून बिनअंड्याच्या केकचंही भांडं चाटू देऊ नका. पीठ पाच मिनिटं कोरडं परतलं की झालं, असं नाही. कोरड्यात हे जंतू उष्णतेला फार चिवट असतात. नीट भाजलेल्या पोळीची काळजी नको. मेतकूट, सातूचं पीठ वेगळं, तिथे धान्य आधी भाजून मग दळतात (दळण कच्च्या गव्हाच्या पाठोपाठ टाकू नये, एवढंच). पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत मुलाला रक्ताचे जुलाब झाले किंवा लघवी कमी झाली तर तडक डॉक्टरांकडे न्या. जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने देऊ नका.