आकडे बदलले, पण चूक दिसेना

प्रश्न : आमची हिशेबाची जुनी प्रणाली पायथन या संगणकीय भाषेच्या आवृत्ती २ वरून ३ वर नेताच काही आकडे गुपचूप बदलले. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर भाषेनेच दगा द्यावा, याचा संताप येतो. काय करावे?

उत्तर : आपला संताप रास्त आहे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ने पूर्णांकांच्या भागाकाराचा अर्थच बदलला. सात भागिले दोन याचे उत्तर पूर्वी ३ येई, आता ३.५ येते, आणि प्रोग्राम बिनतक्रार चालत राहत असल्याने चूक हाती लागत नाही. पूर्णांकच हवा असेल तेथे भागाकारासाठी दुहेरी तिरकी रेघ (//) वापरावी. मात्र त्याआधी जुन्या प्रणालीची उत्तरे जपून ठेवून नव्या उत्तरांशी ताडून पाहावीत. या पडताळणीसाठी लागणारा वेळ वरिष्ठांकडे लेखी मागावा.